पहिली ओटी

६ ऑगस्ट, बुधवार

डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज सकाळी एक डोळा झाकून दुसऱ्यानं बघायचं, मग दुसरा झाकून पहिल्यानं, आणि जे दिसेल ते लिहून ठेवायचं. त्यासाठी चौकटी-चौकटींचा एक कागद दिला, तो फ्रिजवर चिकटवला. वही म्हणून यांनी कृषी केंद्राकडून मिळालेली डायरी दिली. तिच्या प्रत्येक पानाखाली बोंडअळीच्या औषधाची जाहिरात आहे. पहिल्या पानावर माहिती भरली. नाव बेबी भगवंत मेहरे, वय चौपन्न, अमरावती. रक्तगट बी पॉझिटिव्ह.

झालं असं की सोमवारी उठले तर चष्म्यावर डाग. पदरानं पुसला, दिवसभर पुसत राहिले. मंगळवारी आमच्या फुलांच्या दुकानात शेवंतीचा हार ओवायला बसले तर सुईचं नाक सापडेना, आणि समोरच्या शटरची पट्टी मधेच वाकलेली. मी यांना म्हटलं, शटर दुरुस्त करून घ्या. यांनी आधी शटरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

उजव्या डोळ्याच्या पडद्यातली रक्ताची नस अडली आहे म्हणे. डॉक्टरीणबाई शेतकऱ्याची लेक असाव्यात. म्हणाल्या, पाटात कचरा अडकला की पाणी फुटून वाफ्यात साचतं ना, तसं पडद्यावर पाणी साचलंय. बीपी नीट, साखर नीट. मग नस अडली कशानं, ते रक्तात शोधावं लागेल.

घरात सगळ्यांना कारण आधीच ठाऊक आहे. हे म्हणतात मोबाइल. गोवर्धन भाऊजी म्हणतात फ्रिजचं पाणी. अनुसयाआत्यांनी, म्हणजे यांच्या आत्यानं, फोनवरच सांगून टाकलं की नजर लागली.

आजचा हिशेब: डावा डोळा सरळ. उजव्याच्या मधोमध शाईच्या बोटासारखा डाग, आणि कडेच्या रेघा वाकड्या.

११ ऑगस्ट, सोमवार

आज रक्त दिलं आणि डोळ्यात इंजेक्शन घेतलं. डोळ्यात. लिहितानाही अंगावर काटा येतो. कळलं मात्र काहीच नाही, भीतीच जास्त होती.

सोबत वच्छला आली. ती माझी धाकटी जाऊ, गोवर्धन भाऊजींची बायको. मुलाला, सागरला, ड्युटी, हे दुकानात, सुनेला चौथा महिना. राहिली कोण? वच्छलाच. मूल ना बाळ, मोकळीच असते, आणि बिचारी नाही म्हणत नाही. इंजेक्शनच्या वेळी मी तिचा हात इतका दाबला की बांगडी फुटली. म्हणाली, फुटू द्या, जुनी होती.

१६ ऑगस्ट, शनिवार

रिपोर्ट सागरच्या मोबाइलवर आला आणि माझ्या जिवात जीव आला. अँटिबॉडी चौऱ्याऐंशी. नॉर्मल वीसच्या आत, आणि मला चौऱ्याऐंशी. समोर ठळक अक्षरात पॉझिटिव्ह. कोरोनाच्या वेळी भाऊजींनी पैसे भरून अँटिबॉडी मोजून घेतल्या होत्या आणि महिनाभर छाती काढून फिरले होते. माझ्या तर त्यांच्याहून कितीतरी जास्त. नावही भारदस्त आहे, अँटिकार्डिओलिपिन.

दुपारी भजन मंडळ आमच्याकडेच होतं. मी सगळ्यांना सांगितलं, डोळ्याचं काय ते बरं होईल, ताकद आतून आहे. चिवडा केला होता. शेजारच्या बेलसरेबाई म्हणाल्या, म्हणूनच तुमच्या हाताला गुण आहे. ते खरंच आहे. आमच्या आळीत पोरीला सातवा लागला की डोहाळजेवणाला पहिली ओटी भरायला मलाच बोलावतात. एकवीस ओट्या भरल्या मी, एकवीस लेकरं खेळतात. माझी स्वतःची तीन बाळंतपणं, तिन्ही मुलं धडधाकट. बाईच्या हातात ते असावं लागतं.

सून प्राजक्ता मात्र रिपोर्ट घेऊन बराच वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. बी.एस्सी. झालेली आहे. विचारलं तर म्हणाली, आई, सोमवारी डॉक्टरांनाच विचारा.

१८ ऑगस्ट, सोमवार

विचारलं. जास्त म्हणजे वाईट.

या अँटिबॉडी जंतूंशी लढत नाहीत, उलट्या आपल्याच रक्ताच्या मागे लागतात आणि नसतं कारण काढून गुठळ्या करतात. मी म्हटलं, अहो, पण पॉझिटिव्ह लिहिलंय. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, एकदा वाढून आपोआप उतरूही शकतात, म्हणून बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. तेव्हाही तशाच असल्या तर कायमची गोळी. नाही घेतली तर डाव्या डोळ्याचंही असंच होऊ शकतं, नाहीतर पायात, नाहीतर मेंदूत. अकोल्याला रक्ताचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवून घ्या.

घरी आले आणि आधी भजन मंडळाचा ग्रुप उघडला. बेलसरेबाईंनी लिहिलं होतं, बेबीताईंच्या अँटिबॉडीज सर्वांना लाभोत. त्याला सव्वीस हात जोडलेले. मी काही लिहिलं नाही.

अकोल्याला जायचं की नाही ते ठरवलेलं नाही. दिसतंय तसं बरं दिसतं.

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्यांचं जेवण झालं. चाळीस पानं. आंबील, पुरण, सोळा भाज्या. वच्छला पहाटेपासून स्वयंपाकघरात. तिला तिथंच बरं वाटतं. कोणाचं डोहाळजेवण असो, बारसं असो, ती आपली चुलीशी. सासूबाई होत्या तेव्हापासून तसंच चालत आलं. तिची तीन बाळं गेली, म्हणजे तिसऱ्या-पाचव्या महिन्यात पोटातच. तिसऱ्यानंतर सासूबाई म्हणाल्या, आता हिचा हात ओटीला नको, पाळण्याला नको. मी काही म्हटलं नाही. थोरल्या सुनेनं सासूपुढं काय बोलायचं? माझ्या धाकट्या लेकीच्या बारशाला वच्छलानं पाळण्याची दोरी धरली होती ती मी नुसती माझ्याकडे घेतली, तेही हसतच. त्यावर तीही हसली होती, मला आठवतं.

प्राजक्ता सारखी तिच्यामागे स्वयंपाकघरात जाऊन बसते. खाण्याचे डोहाळे असतील. मधे तर बघते तो वच्छला तिच्या डोक्याला तेल लावून देत होती. मी काही वाईट मनात न आणता म्हटलं, वच्छला, तुझी कढी उतू जाईल. कढी उतू जात नव्हती, पण ती उठली.

उजवा डोळा: डाग आहे, थोडा फिका. मुखवटे वाकडे दिसतात. दर्शन डाव्यानं घेतलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

शेवटी अकोल्याला जाऊन आले. जायचं नव्हतं, पण वच्छलानं सकाळीच डबा भरला, पिशवी उचलली आणि म्हणाली, "चाला. एक डोया गेला, आता दुसऱ्याची वाट पाह्यता काय?" इतकं ती वर्षात बोलत नाही. तिचं माहेर अकोल्याचं, गल्ली न गल्ली ठाऊक. बसमध्ये खिडकी मात्र मी घेतली.

डॉक्टर तरुण, पण सावकाश बोलणारे. पायाला कधी सूज? नाही. छातीत? नाही. मग विचारलं, किती वेळा दिवस राहिले आणि किती मुलं? मी ताठ बसून सांगितलं, तीन वेळा आणि तिन्ही आहेत. ते म्हणाले, नशीबवान आहात. असल्या रक्तात गर्भाच्या वारेत गुठळ्या होतात, अनेक बायकांचे गर्भ तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या महिन्यात जातात, पुन्हा पुन्हा जातात. घरचे काही तरी भलतंच समजत बसतात. आता तपासणी आहे, पोटात रोज बारीक इंजेक्शन आणि एक छोटी गोळी, बहुतेकींना बाळ होतं.

तेव्हा वच्छलानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "डॉक्टर, हे तपासणं तीस वर्षांपूर्वी होतं काय?"

ते म्हणाले, मोठ्या शहरात नुकतं सुरू होत होतं. आपल्याकडे कोणी सांगितलं नसतं.

परतीला खिडकी तिनं घेतली, तर मूर्तिजापूरपर्यंत बाहेरच बघत होती. ऊन लागत असेल. डबा तसाच परत आणला. मी खाल्ला.

बडनेरा आल्यावर मी तिला सांगितलं, हे पोटातलं जे काही डॉक्टर बोलले ते घरी काढू नको. घरात गरोदर सून आहे, उद्या अनुसयाआत्यांच्या कानावर गेलं तर माझ्याच हाताला नावं ठेवतील. म्हणतील, असलं रक्त घेऊन ओट्या भरत होती.

ती म्हणाली, "तीस वर्षं काय सांगतलं मी कोणाले?"

१३ सप्टेंबर, शनिवार

झोप लागली नाही असं नाही, पण लागल्यावरही डॉक्टर बोलतच होते.

मला एक कळत नाही. रक्त असलं, तर माझी तिन्ही कशी जगली? डॉक्टरांना विचारलं होतं, ते म्हणाले, तेव्हा नसेल वाढलेलं, किंवा असेल आणि तुम्ही वाचलात. म्हणजे ज्याला मी हाताचा गुण म्हणत होते, त्याला ते वाचलात म्हणतात. शिकलेल्या माणसांना शब्दांची कदर नसते.

२९ सप्टेंबर, सोमवार

दसरा तोंडावर. झेंडूच्या गाड्या येत आहेत, दुकानात श्वास घ्यायला सवड नाही. डागाकडे बघायला वेळ नाही, पण तो माझ्याकडे बघतो. तोरणं ओवायचं काम वच्छलाकडे दिलं. तिचं तोरण सरळ आहे असं लोक म्हणतात. मला तिचं-माझं दोन्ही वाकडीच दिसतात.

अनुसयाआत्यांचा फोन. डोहाळजेवण ९ नोव्हेंबर, रविवार धरा. पहिली ओटी तूच भरशील, आमच्या घराची रीतच आहे. मी हो म्हटलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी. आज खरं लिहिते, ही वही कोणी वाचत नाही.

मला भीती वाटते. रोज सकाळी डावा डोळा झाकताना वाटतं, हात काढला आणि तिकडेही डाग असला तर? मग मी कोण? हार ओवता येणार नाही, रस्ता ओलांडता येणार नाही, कोणाच्या तरी हाताला धरून फिरावं लागेल, आणि सगळे माझ्याकडे बिचारी म्हणून बघतील. बिचारी म्हणणं किती सोपं असतं ते मला ठाऊक आहे, मी स्वतः म्हणत आले आहे.

दुसरी भीती त्याहून बारीक आहे आणि जास्त टोचते. रिपोर्ट पुन्हा तसाच आला आणि लोकांना कळलं, तर मला ओटीला बोलावणार नाहीत. मला स्वयंपाकघर दाखवतील. मला तर पुरण नीट वाटताही येत नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

बारा आठवडे झाले. अकोल्यात रक्त दिलं. माझं झाल्यावर वच्छलानं पदर खोचला, बाही वर केली आणि खुर्चीत बसली. मी म्हटलं, तुला काय झालं? म्हणाली, "काही नाही. माहंही पाहून घेऊ द्या." रक्त घेणाऱ्या पोरीनं विचारलं, कोणत्या तपासण्या? तिनं पाकिटातून कागद काढला. त्यावर सगळ्या तपासण्यांची नावं इंग्रजीत लिहिलेली, अक्षर प्राजक्ताचं.

म्हणजे प्राजक्ताला माहीत आहे. तेल लावता लावता ह्या दोघी हेच बोलत होत्या की काय?

परतताना मला चटकन वाटून गेलं ते लिहून टाकते. वाटलं, हिचंही रक्त माझ्यासारखंच निघावं. म्हणजे मग तिचंही कारण कळेल, माझंही काही वेगळं उरणार नाही, आणि सासूबाईंची चूक रक्तावर जाईल. असं झालं तर किती सुटसुटीत होईल.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सुटसुटीत झालं नाही.

मला एक्क्याण्णव. बारा आठवड्यांत सात वाढल्या. रक्त पातळ करायची गोळी, जन्मभर, दर महिन्याला तपासणी. पालक-मेथी रोज सारखीच खायची, एक दिवस पसाभर आणि एक दिवस काहीच नाही असं चालणार नाही. मळ्यात फुलांसोबत भाजी पिकवणाऱ्याच्या घरात हे सांगायचं.

वच्छलाच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ. तिन्ही अँटिबॉडी नॉर्मल. डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला. तिनं विचारलं, "मंग माहे काहून गेले?"

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. म्हणाले, निम्म्याहून जास्त वेळा कारण सापडतच नाही. त्या वेळी कोणी शोधलंही नाही, आता शोधून सापडणार नाही. पण तुमच्यात दोष होता असं म्हणायला काहीही आधार नाही, आणि तुमच्या हाताचा, पायगुणाचा तर काडीचा संबंध नाही.

ती म्हणाली, "लिहून द्या."

त्यांना वाटलं गंमत करते. मग तिचा चेहरा बघितला, चिठ्ठीचं पान घेतलं, मराठीत लिहिलं, सही केली, शिक्का मारला. तिनं घडी घालून पाकिटात ठेवलं. मी शेजारी माझा एक्क्याण्णवचा कागद धरून बसले होते.

बसमध्ये ती झोपली. तीस वर्षांत तिला दिवसा झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि मी बडनेऱ्यापर्यंत हलले नाही. खांदा आखडला. मला रडू येत होतं, पण बसमध्ये ओळखीचे होते.

८ नोव्हेंबर, शनिवार

उद्याची तयारी. गहू निवडले, नारळ, खण, हळकुंड, सुपारी. फुलांचे दागिने वच्छलानं केले. प्राजक्ताला झोपाळ्यावर बसवायचं.

पाच वेळा ठरवलं की उद्या सांगायचं. पाच वेळा ठरवलं की लोकांसमोर कशाला, नंतर घरातल्या घरात बघू. अनुसयाआत्या संध्याकाळीच आल्या. आल्या आल्या स्वयंपाकघरात डोकावून वच्छलाला म्हणाल्या, पुऱ्या तूच तळजो बाई, तुझ्यासारख्या कोणाच्या फुगत नाहीत. किती वर्षं आम्ही हेच कौतुक करतो.

उजवा: डाग आहे तसा. डावा: सरळ. अजून.

९ नोव्हेंबर, रविवार

पाहुण्या गेल्या, भांडी घासून झाली, आता लिहिते.

अंगणात पन्नासेक बायका. प्राजक्ता हिरव्या शालूत, शेवंतीचा मुकुट, झोपाळ्यावर. अनुसयाआत्यांनी हाक मारली, बेबी, ये, पहिली ओटी. मी सूप उचललं. गव्हाची ओंजळ भरली, प्राजक्तानं पदर पसरला, आणि मला पदराचा काठ दिसेना. डाव्यानं बघावं तर हात कुठं आणि काठ कुठं ते जुळेना. गहू जमिनीवर सांडले असते. ओटीतले गहू सांडले की बायका काय म्हणतात ते मला सांगायला नको, मी स्वतः म्हटलं आहे. प्राजक्ता हळूच म्हणाली, आई, थोडं इकडे. तेवढं ऐकलं असतं तर भागलं असतं, कोणाला कळलंही नसतं.

मी सूप धरून मागे झाले. माझ्या तोंडून वऱ्हाडीच निघालं, घाबरले की निघतं. म्हटलं, "मले नाही दिसत. वच्छला, तू ये. पहिली तू भर."

अनुसयाआत्या म्हणाल्या, "अवं, तिच्या हातानं? सातवा हाये पोरीले."

"आत्या, दोष माह्या रक्तात हाये, तिच्या नाही. डॉक्टरच्या सहीचा कागद हाये. तीन महिने झाले, मी लपवून राहिली."

पुढचं मी बोलणार होते, सासूबाईंचं, पाळण्याच्या दोरीचं. काल सगळं मनात जुळवलं होतं. पण ते राहून गेलं. बेलसरेबाई माझ्याकडे बिचारी म्हणून बघत होत्या, हे मला एका डोळ्यानंही दिसलं.

सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडे. मला वाटलं, ती डोळे पुसत येईल, मी तिला जवळ घेईन. आतून तिचा आवाज आला, नेहमीचाच, वर नाही की खाली नाही.

"पुऱ्या तेलात हायेत. झाल्या का येतो."

आणि पन्नास बायका थांबल्या. अनुसयाआत्या थांबल्या. मी सूप धरून उभी. झोपाळा थांबला. तेलाचा आवाज येत होता, झाऱ्याचा आवाज येत होता. एक घाणा झाला, तिनं दुसरा सोडला. प्राजक्ता मात्र पदर पसरूनच बसली होती, तो तिनं मिटला नाही.

मग ती आली. हात धुतलेले, पदराला पुसलेले. पाकीट काढलं नाही, कागद कोणाला दाखवला नाही. माझ्या हातातून सूप घेतलं आणि ओटी भरली, पाच ओंजळी, सावकाश.

गव्हाचा एक दाणा खाली पडला नाही. मी सगळा वेळ खालीच बघत होते, म्हणून सांगते. वर तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.